हरिपाठानंतरची गोष्ट



स्मरणिकेत कोणी काय लिहायचं याची वाटणी झाली, तेव्हा दिंडीची स्थापना, विणेकऱ्यांची परंपरा, मुक्कामाच्या जागा, भिशीचे हिशोब, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला हे सगळे विषय जाणत्या मंडळींनी घेतले. आमच्या वाट्याला पोरं आली. "दिंडीतल्या पोरांचं तुम्ही लिहा," असं बैठकीत ठरलं आणि दोघंतिघं हसले. पोरांचा कसला आलाय इतिहास? खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं होतं. दिंडीच्या जुन्या वह्या चाळल्या तर त्यात मुलांचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडतो, तोही जेवणाच्या पानांच्या हिशोबात, दोन मुलं मिळून एक पान अशा बेतानं.

मग वह्या बाजूला ठेवल्या आणि जी माणसं लहानपणी आई-आजीचं बोट धरून वारीला आली होती, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आता त्यांतली बरीचशी सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. वेगवेगळ्या वाड्यावस्त्यांवरची, आणि त्यांतल्या काहींचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणंही नाही. पण लहानपणच्या वारीतलं काय आठवतं म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडून तीनच गोष्टी निघाल्या. दिवेघाटात भाजलेले पाय. लोणंदच्या मुक्कामातला पाऊस. आणि हरिपाठानंतरची गोष्ट.

ही गोष्ट म्हणजे काय, ते नव्या मंडळींसाठी सांगतो. पालखी तळावर पोचायची, समाजआरती व्हायची, दिंडी आपल्या पालांकडं परतायची. हरिपाठ झाला, भाकरी पोटात गेली, की मोठी माणसं कीर्तनाला वळायची. दिवसभर चाललेल्या पोरांना कीर्तन झेपत नसे. ती पेंगायची, रडायची, पायाला फोड आलेलं एखादं घरी जायचं म्हणून भोकाड पसरायचं. अशा सगळ्या पोरांना पालाच्या मागच्या अंगाला घोंगड्यावर गोळा करून एक आजी बसायच्या. डोक्यावर तुळस घेऊन आळंदी ते पंढरी चालणाऱ्या त्या आजी. आपलं नाव कुठं छापायचं नाही असं त्या हयातीतच सांगून गेल्या, म्हणून इथं नुसतं आजीच म्हणतो. कंदील बारीक करायच्या आणि सुरू करायच्या.

आजींना अक्षरओळख नव्हती. मग त्यांच्याकडं एवढ्या गोष्टी आल्या कुठून? याचं उत्तर शोधताना आम्हाला ताहराबादपर्यंत मागं जावं लागलं.

राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती हे गावचे कुलकर्णी. जन्म १७१५ चा. त्यांची अशी कथा सांगतात की, ते देवपूजेत असताना गावच्या अधिकाऱ्याचं तातडीचं बोलावणं आलं, पूजा अर्धी टाकून त्यांना जावं लागलं, आणि ते मनाला इतकं लागलं की परत आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी देवापुढं ठेवली. पुन्हा माणसाच्या चाकरीसाठी ती उचलायची नाही असं ठरवलं. त्या लेखणीतून १७६२ साली भक्तविजय उतरला आणि १७७४ साली भक्तलीलामृत. दोन्ही ओवीबद्ध, सोप्या मराठीत. गावोगावच्या देवळांत चातुर्मासात या पोथ्या लागायच्या. एक जण वाचणारा, एक अर्थ सांगणारा आणि समोर सगळं गाव. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी ऐकून ऐकून पोथी पोटात साठवली. आजी त्यांतल्या.

महिपतींच्याही आधी संतांनी एकमेकांचं चरित्र सांगायला सुरुवात केली होती. ज्ञानोबारायांचं चरित्र नामदेवरायांनी आदि, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन प्रकरणांच्या अभंगांतून सांगितलं. जवळचा मित्र गेल्यावर माणूस त्याची आठवण सांगत बसतो, तसंच ते आहे. म्हणजे आपल्या संप्रदायात विचार जितका जुना, तितकीच गोष्टही जुनी. शास्त्र सांगणाऱ्यांची नावं आपण ध्यानात ठेवली आणि गोष्ट सांगणाऱ्या बायकांची विसरलो, हा आपला आळस.

आता आजींची रीत कशी होती ते सांगतो, कारण सगळं मर्म तिथंच आहे.

आजी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, "मंग काय झालं आसंल त्याच्या पोटात?"

ज्यांना ज्यांना भेटलो, त्यांतल्या प्रत्येकानं हा प्रश्न जसाच्या तसा म्हणून दाखवला. एकानं तर आजींच्या आवाजात. पुढं काय झालं, असं आजी विचारत नसत. मनात काय आलं, असंही नाही. पोटात काय झालं, एवढंच. आणि पोरांना उत्तर द्यावं लागे.

नामदेवांच्या नैवेद्याची गोष्ट घ्या. बाप दामाशेटी बाहेरगावी गेलेले. आईनं लहान नामाच्या हाती ताट दिलं आणि देवळात धाडलं. पोर बसलं देवापुढं. देव जेवेना. नामाला वाटलं, बापाच्या हातचं खातो, मग माझ्या हातचं का खात नाही? माझंच काही चुकलं काय? इथं आजी थांबायच्या. "काय झालं आसंल नामाच्या पोटात?" एक पोर म्हणे, राग आला. दुसरं म्हणे, भ्या वाटलं, आई मारंल म्हणून. तिसरं गप्पच. आजी त्या तिसऱ्याकडं वळायच्या. ते हळूच म्हणायचं, "त्याला वाटलं आपण कुणाला आवडत न्हाई." हे उत्तर देणारं पोर पुढं आमच्याच दिंडीचं टाळकरी झालं. त्यांनी सांगितलं की घरी ते सावत्र आईजवळ होते, आणि त्या रात्रीपर्यंत ही गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर आली नव्हती. नामाच्या नावावर ती बाहेर आली. आजींनी फक्त पाठीवरून हात फिरवला आणि देव कसा जेवला ते पुढं सांगितलं.

गोरोबाकाकांची गोष्ट पोरांना फार आवडे, कारण त्यात थापटणं आहे. सगळे संत जमले आणि गोरोबाकाका कुंभार थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले, कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं ते बघायला. बाकीचे गुमान बसले. नामदेव तेवढे कुरकुरले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. सगळे हसले. आता नामदेव म्हणजे देवाचे लाडके, ज्यांच्या हातून देव जेवला ते! त्यांना चारचौघांत कच्चं म्हटलं. "काय झालं आसंल?" पोरं एकदम ओरडायची, "लाज वाटली!" "कानशिलं तापली!" "रडू आलं पर रडला न्हाई!" मग आजी सांगायच्या की नामदेव रुसून देवाकडं गेले, आणि देवानंही त्यांची बाजू घेतली नाही, त्यांना गुरू करायला औंढ्या नागनाथाकडं विसोबा खेचरांपाशी पाठवलं. तिथं पोरांचा हिरमोड व्हायचा. देवानं गोरोबांना रागवायला हवं होतं, असा बहुतेकांचा न्याय. आजी म्हणायच्या, "आपल्यालाबी आसंच वाटतं की न्हाई? आई आपलीच बाजू घील म्हणून?" मग हशा.

मुक्ताईची गोष्ट मात्र आजी पावसाच्या रात्रीच सांगत. का, ते कोणाला ठाऊक नाही. पाल गळत असेल आणि पोरांना जवळजवळ सरकून बसावं लागत असेल, तेव्हा हीच बरी, असं त्यांना वाटत असावं. कोणीतरी टाकून बोललं म्हणून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी बहीण. आई नाही, बाप नाही, गावानं वाळीत टाकलेलं, आणि आता मोठा भाऊ दार उघडेना. ताटीचे अभंग मोठी माणसं भजनात म्हणतात, त्यावर कीर्तनं होतात. आजींनी ती गोष्ट भावाबहिणीची म्हणून सांगितली. दाराच्या आत बसलेल्याच्या पोटात काय झालं, हे त्या आधी विचारत. सगळ्यांना ते ठाऊक असे, कारण रुसून कोपऱ्यात बसला नाही असा पोर नाही. मग त्या विचारत, "आन् भाईर हुभी हाय तिच्या पोटात?" इथं पोरं अडायची. रागावलेल्याला आपला राग दिसतो, दाराबाहेर उभं राहिलेल्याचं भय दिसत नाही. आमच्या दिंडीतल्या एका माउलींनी सांगितलं, "लग्नानंतर नवरा रागानं जेवणाच्या पानावरून उठला की मला ती ताटी दिसायची. आणि मी रुसले की मीच आतली व्हायचे. दार कुणी उघडायचं हे त्या रात्रीपासून डोक्यात बसलं." त्यांना पाच लेकरं. पाचांनाही ती गोष्ट पावसाच्याच रात्री सांगितली म्हणतात.

नामदेवांची आणखी एक गोष्ट अगदी लहानग्यांसाठी होती. कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावतात, कोरडी खाऊ नको रे म्हणून. त्यात "पोटात काय झालं" हा प्रश्न आजी कुत्र्याबद्दल विचारायच्या! त्यावर होणारा गोंधळ एवढा असे की कीर्तनातून चोपदार दटावायला यायचे.

शहरात नोकरीला असलेल्या आमच्या एका भाच्यानं हे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मामा, याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. कंपनीत आम्हाला याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं." त्याच्याकडूनच कळलं की सॅलोव्ही आणि मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली हा विचार मांडला आणि १९९५ साली गोलमन यांच्या पुस्तकानं तो जगभर गेला. आपल्या मनात काय चाललंय ते ओळखणं, त्याला नाव देणं, त्याला आवरणं आणि दुसऱ्याच्या मनातलं जाणणं, असा साधारण त्याचा अर्थ. चांगलंच आहे. यावर आपली मंडळी लगेच म्हणतील की हे सगळं आमच्यात आधीपासून होतंच. तसं म्हणून छाती फुगवावी असं आम्हाला वाटत नाही. का, ते पुढं येईल. एवढं मात्र खरं की मराठीत पोटाला बरंच काही होतं. पोटात तुटतं, पोटात कालवतं, पोटात गोळा येतो, पोटात माया असते आणि पोटात आग पडते. आजींनी पोरांना हे शब्द एकेक करून हाती दिले. ज्याला आपल्या दुखण्याचं नाव सांगता येतं, त्याला वैद्याकडं नेता येतं. बाकीचे नुसते कण्हत राहतात.

आता थोडं साने गुरुजींविषयी. त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि पंढरीशी त्यांचं नातं तर आहेच.

पांडुरंग सदाशिव साने. जन्म कोकणातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. नावातच पांडुरंग. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडं होतं. घरापासून दूर राहणारी मुलं, रात्री आईच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसणारी. त्या मुलांचे कपडे धुणारा, अंथरुणं घालणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि गोष्टी सांगणारा हा मास्तर. पुढं सत्याग्रहात तुरुंगवास झाला. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी दिवसभर सक्तीचं काम करून उरलेल्या वेळात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमात सायंप्रार्थना झाली की श्याम गोष्ट सांगतो आणि मित्र, गावकरी ऐकतात. आम्ही हे पुस्तक पुन्हा वाचलं तेव्हा ध्यानात आलं की ही तर आपलीच रीत. हरिपाठ, मग गोष्ट.

त्यातली श्यामची पाण्याची भीती घ्या किंवा अळणी भाजीची गोष्ट. भाजीत मीठ घालायला आई विसरली आणि बाप एक शब्द न बोलता जेवले, तिला वाईट वाटू नये म्हणून. तिला कळलं तेव्हा तिच्या पोटात काय झालं, हे सांगायला किती थोडे शब्द लागलेत बघा. आमच्या दिंडीत हे पुस्तक एका वारकरी मास्तरांनी आणलं. ते वाचून दाखवायचे आणि आजी ऐकायच्या. ऐकून त्या म्हणाल्या म्हणे, "हे पोर बी आपल्यातलंच दिसतंय."

त्याच पुस्तकात मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट आहे. एका महार म्हातारीची मोळी रस्त्यात पडते, कोणी तिला हात लावत नाही, आणि आई श्यामला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. मग म्हणते, घरी येऊन आंघोळ कर. ही शेवटची ओळ गुरुजींना गाळता आली असती. त्यांनी गाळली नाही. आईची माया किती लांब गेली आणि कुठं येऊन थांबली, दोन्ही दिसू दिलं. आम्हाला त्यांच्या मोठेपणाची ही खूण वाटते.

म्हणूनच १९४७ साली ते पंढरपुरात येऊन बसले. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुलं व्हावं यासाठी त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. ज्या देवळासमोर चोखोबांची समाधी आहे, त्या देवळात चोखोबांच्या लेकरांना मज्जाव होता. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारात समाधी बांधली, हे प्रत्येक वारकऱ्याला पाठ होतं. सहाशे वर्षं पाठ होतं. उपोषण दहाएक दिवस चाललं आणि देऊळ सर्वांना खुलं करण्याचं मान्य झालं. तेव्हा आपल्या संप्रदायातले बरेच जण गुरुजींच्या विरोधात होते, हेही लिहून ठेवलं पाहिजे. तनपुरे महाराजांनी जागा दिली, ही आपली इज्जत राखणारी गोष्ट.

गुरुजी ११ जून १९५० ला गेले. पुढच्या वर्षी प्रकाशभाई मोहाडीकरांच्या पुढाकारानं साने गुरुजी कथामाला सुरू झाली आणि शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगायचं काम उभं राहिलं. आमच्या भागातल्या काही शिक्षकांनी तिथूनच गोष्ट सांगण्याचे धडे घेतले.

आता आमच्या दिंडीचं. हे छापावं की नाही यावर स्मरणिकेच्या दोन बैठका झाल्या. शंभरीच्या पुस्तकात अशुभ कशाला, असं काहींचं म्हणणं होतं. आम्ही म्हणालो, गुरुजींनी आंघोळीची ओळ गाळली नाही. अखेर छापायचं ठरलं.

देऊळ खुलं झाल्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली ही वारी. आमच्या गावच्या महारवाड्यातलं एक कुटुंब दिंडीबरोबर चालायचं. बरोबर म्हणजे मागून, अंतर राखून. टाळ वाजवायची त्यांना मोकळीक होती, पण आपल्या ओळीत नाही. पंगत उठल्यावर त्यांना वाढलं जाई. पाणी वरून ओतलं जाई. हे आमच्याच दिंडीत होतं असंही नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हाची हकीकत त्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहिली आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण बायकांची चूल वेगळी आणि मराठा बायकांची वेगळी, हे बघून त्यांना किती वाईट वाटलं ते त्यात आहे. जिथं या दोघींची चूल एक नव्हती, तिथं महारवाड्याचं काय सांगायचं! पण दुसऱ्यांकडंही होतं म्हणून आपलं कमी होत नाही.

त्या रात्री आजी नाथांची गोष्ट सांगत होत्या. पैठणचं वाळवंट, भर दुपार, नाथमहाराज गोदावरीवर निघालेले. तापल्या वाळूत एक महाराचं पोर रडत उभं. आई पाण्याला पुढं गेलेली, पोराला पाय ठेववेना. नाथ थांबले. आजीही थांबल्या. "काय झालं आसंल नाथांच्या पोटात?"

पोरं बोलायला लागली. पोटात तुटलं, जीव कळवळला, पाय भाजल्यावाणी झालं. तेवढ्यात आठ वर्षांच्या एका पोरीनं पालाच्या दोरीकडं बोट केलं. दोरीच्या पलीकडं त्या कुटुंबातला मुलगा बसला होता. रोजच बसायचा. कंदिलाचा उजेड तिथपर्यंत जेमतेम पोचायचा. पोरगी म्हणाली, "आजे, मंग त्यो दोरीच्या भाईर का बसलाय?"

ती पोरगी आज ऐंशीची आहे. त्यांनीच आम्हाला हे सांगितलं. सांगताना त्या आमच्याकडं बघत नव्हत्या.

आजी काही बोलल्या नाहीत. नाथांनी पोराला उचलून कडेवर घेतलं हे सांगायचं राहून गेलं. कंदील मोठा केला, "झोपा आता" म्हणाल्या आणि उठल्या. आजींनी गोष्ट अर्ध्यावर टाकलेली ती एकच रात्र.

दुसऱ्या मुक्कामी त्यांनी घोंगडं उचललं आणि दोरीच्या बाहेर नेऊन अंथरलं. पोरं तिथं जाऊन बसली. मोठ्यांत कुजबुज झाली. एक-दोघींनी आपली पोरं ओढून नेली. त्यानंतर आजी असेपर्यंत गोष्ट कायम दोरीच्या बाहेरच झाली. मात्र तो मुलगा त्या रात्री आला नाही, आणि दोन वर्षांत ते कुटुंब वारीलाच यायचं थांबलं. पंगत एक व्हायला आणखी वीसेक वर्षं लागली. कोणत्या साली झाली याची दिंडीच्या वहीत नोंद नाही. पहिल्या ट्रकची तारीख मात्र आहे, वेळेसकट.

भाचा म्हणाला ते आमच्यात आधीपासून होतं, असं छाती फुगवून का म्हणवत नाही, ते यासाठी. नाथांची गोष्ट दिंडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. मोठी माणसं ती ऐकून डोळे पुसत आणि उठून वेगळ्या पंगतीला बसत. गोष्टीतल्या पोरासाठी पोटात तुटणं सोपं असतं. त्याला भाकरी द्यावी लागत नाही.

आजी गेल्या. मग रेडिओ, टीव्ही, आणि आता तर पालापालात मोबाइल. पोरं वारीला येतात ती सुट्टी बघून, दोन-चार मुक्कामांपुरती. मध्ये पंधराएक वर्षं गोष्ट पूर्ण बंदच होती. ती पुन्हा सुरू झाली ती एका मुलामुळं. त्याचे वडील त्या वर्षी गेले होते, आईनं त्याला आजोबांबरोबर दिंडीत धाडलं होतं. पोर बोलत नव्हतं, जेवत नव्हतं. वेळापूरच्या मुक्कामी आमच्यातल्या एकीनं त्याला नि बाकीच्या चार पोरांना जवळ घेऊन निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडं आईबापांवाचून कशी राहिली, ते सांगायला घेतलं. मध्येच पोरानं विचारलं, "मुक्ता केवढी होती?" ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा बारकी." पोर म्हणालं, "मग तिला रात्री कोण उठवायचं, वाईट स्वप्न पडल्यावर?" त्यावर काय सांगायचं हे आमच्या मंडळींना सुचेना. शेजारचाच एक मुलगा म्हणाला, "सोपान उठवत असेल." तेवढ्यावर ते पोर जरा सैल झालं. सकाळी त्यानं भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून गोष्ट पुन्हा रोज होते. मोबाइल एका पिशवीत गोळा करतो. प्रश्न आजींचाच ठेवला आहे. तात्पर्य सांगायचं नाही, एवढा एक नियम आम्ही केला, कारण तात्पर्य सुरू झालं की पोरांचे डोळे पिशवीकडं वळतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा दोरीबाहेरच्या त्या मुलाचा पत्ता लागला. ते मुंबईला गेले, गिरणीत लागले, १९५६ नंतर घरानं बुद्धधम्म स्वीकारला. आता ते लेकाकडं असतात. आम्ही तिघं भेटायला गेलो. चहा झाला. आम्ही माफी मागायला आलो होतो, पण शब्द नीट निघाले नाहीत. त्यांनीच सोपं केलं. म्हणाले, "आजी चांगल्या सांगायच्या. आवाज दोरीपर्यंत यायचा."

त्या रात्रीची नाथांची गोष्ट अर्धी राहिली होती, ती पुढं कधी ऐकली का, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. ते म्हणाले, "वाचली नंतर, शाळेच्या पुस्तकात. उचलून घेतलं म्हणे." थोडं थांबून म्हणाले, "मीही नातवंडांना एक गोष्ट सांगतो. एक पाल होतं, आत कंदील होता, आणि एक पोरगी होती तिनं बोट दाखवलं."

मग त्यांनी विचारलं, "ती आहे का अजून?"

आम्ही फोन लावून दिला.